मूळ गाण्यात काच नाही, मग ती आली कुठून? डेरेक ट्रक्स यांच्या 'स्टेट्सबरो ब्लूज'बद्दल

जागलीवरचा, आर्वी तालुका

नमस्कार मंडळी. मी शेतकरी आहे. दोन वर्षांपूर्वी वर्ध्याहून एक जुनी साधी गिटार विकत आणली आणि तेव्हापासून मोबाइलवर पाहून जमेल तसे शिकतो आहे. सध्या शेतात हरभरा उभा आहे, रात्री रानडुकरांसाठी जागल करावी लागते आणि ओलिताची लाइटही बहुतेक रात्रीचीच येते; त्यामुळे मचाणावर बसून गाणी ऐकायला वेळ भरपूर मिळतो. इयरफोन एकाच कानात घालतो, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा ठेवतो.

मागच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधील ऑलमन ब्रदर्स बँडच्या एका मैफिलीचे चित्रण पाहण्यात आले. गाणे होते 'स्टेट्सबरो ब्लूज'. ग्रेग ऑलमन ऑर्गनवर बसून गातात, मागे ड्रमवादक एकाहून अधिक आहेत आणि पुढे वॉरन हेन्स व डेरेक ट्रक्स गिटार घेऊन उभे आहेत. ट्रक्स इतके निश्चल उभे असतात की हा मनुष्य बसची वाट पाहतो आहे असेच वाटावे. त्यांच्या डाव्या हाताच्या अनामिकेत काचेची एक नळी आहे, उजव्या हातात पिक (तारा छेडायची चकती) नाही, नुसती बोटे आहेत आणि ती काच तारांवरून सरकू लागली की जो आवाज निघतो तो मला तरी गिटारचा वाटला नाही. गायकाची एक ओळ संपते आणि गिटार तिला उत्तर देते. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर.

आमचे मोठेबाबा गेली चाळीस वर्षे गावच्या मंडळात खंजिरीवर भजने म्हणतात. त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "अबे, हा वाजवून नाही राह्यला, गाऊन राह्यला." माझ्या मनात जे होते ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

पुढे माझा गोंधळ सुरू झाला. हे गाणे ब्लाइंड विली मॅक्टेल या अंध गायकाचे असून ते १९२८ साली ध्वनिमुद्रित झाले असे वाचले, म्हणून ते मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐकले. त्यात एकच माणूस गातो आणि तोच गिटार वाजवतो. आवाज पातळ आणि काहीसा अनुनासिक आहे, गिटारची बोटे भरभर चालतात आणि ती तारांवरून घसरणारी काच त्यात कुठेच नाही! ज्या सुरावटीने मैफिलीतील गाणे सुरू होते, जी ऐकूनच श्रोते ओरडायला लागतात, ती सुरावटसुद्धा मूळ गाण्यात सापडत नाही. चार वेळा ऐकले, तरी सापडली नाही.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे, की मुळात नसलेली ही काच या गाण्यात शिरली कुठून आणि गाण्याची ओळख पटवणारी सुरुवातच जर मूळ गायकाची नसेल, तर त्याला त्याच गाण्याचे सादरीकरण का म्हणायचे? शिवाय एक स्वार्थाचा प्रश्न आहे. माझ्याकडे विजेवर चालणारी गिटार नाही आणि ती घेण्याची सध्या ऐपतही नाही. साध्या गिटारवर हा आवाज काढता येईल काय?

पेटीमास्तर, दर्यापूर

तुमच्या मोठेबाबांना माझा नमस्कार सांगा. मी निवृत्त शिक्षक आहे आणि पेटी वाजवतो, गिटार नाही. पण हे संगीत बरीच वर्षे ऐकत आलो आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका बाटलीत आहे आणि ती बाटली सर्दीच्या गोळ्यांची आहे. मॅक्टेल यांनी हे गाणे १७ ऑक्टोबर १९२८ रोजी अटलांटा शहरात व्हिक्टर कंपनीसाठी गायिले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९६८ साली, ताज महाल हे नाव धारण करणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ते बँडसह नव्याने गायिले. त्यांच्या साथीला जेसी एड डेव्हिस हे ओक्लाहोमाचे, मूळ अमेरिकन समाजातील गिटारवादक होते. त्यांनी विजेच्या गिटारवर स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवण्याची नळी, वापरून या गाण्याचे तोंड बांधले. आपण ज्या सुरावटीला गाण्याची ओळख समजता, तिचे घर तिथे आहे.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ऑलमन ब्रदर्स बँडचे पहिले स्लाइडवादक ड्युएन ऑलमन यांचा बाविसावा वाढदिवस होता आणि ते सर्दीने बेजार होते. धाकटे भाऊ ग्रेग यांनी ती ताज महालची ध्वनिमुद्रिका आणि कोरिसिडिन नावाच्या गोळ्यांची काचेची बाटली अशा दोन वस्तू भेट दिल्या. ही हकीकत ग्रेग यांनीच पुढे सांगितली आहे. ड्युएन यांनी ध्वनिमुद्रिका लावली, बाटलीतील गोळ्या ओतून टाकल्या, वरचा कागद धुऊन काढला आणि ती बाटली बोटात घालून डेव्हिस यांच्या मागे वाजवायला सुरुवात केली. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातील त्यांच्या मैफिली ध्वनिमुद्रित झाल्या आणि जुलैमध्ये जो अल्बम निघाला, त्याचा आरंभच 'स्टेट्सबरो ब्लूज'ने होतो. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर रोजी, मोटरसायकलच्या अपघातात ड्युएन गेले. वय अवघे चोवीस. त्या बँडचे एक ड्रमवादक बुच ट्रक्स होते आणि डेरेक हे त्यांचे पुतणे. ते १९७९ साली जन्मले आणि १९९९ साली बँडमध्ये आले. पुतण्याने काकांच्या बँडमध्ये ड्युएन यांचे स्लाइडचे काम सांभाळले आणि बोटात काचही त्याच तऱ्हेची घातली. आपण पाहिलेले सादरीकरण असे चार हातांतून आलेले आहे.

आता दुसरा प्रश्न. भजनी मंडळात बसणाऱ्या घरातील माणसाला तो पडावा याची मला थोडी गंमत वाटली. एकच अभंग प्रत्येक गावात वेगळ्या चालीवर म्हटला जातो आणि काही चाली इतक्या रुजतात, की त्या अभंगासोबतच जन्मल्या असाव्यात असे वाटू लागते. या गाण्याचेही तसेच झाले आहे. शब्द मॅक्टेल यांचे, तोंडाची सुरावट डेव्हिस यांची, मैफिलीतील जोश ऑलमन बंधूंचा. आणि ट्रक्स या सगळ्याच्या आत शिरून आपला आलाप करतात.

रचना मात्र जुनीच आहे आणि ती आपल्याला सहज कळण्यासारखी आहे. ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या या गायकीचे, रूढ आवर्तन बारा विभागांचे आणि विभागाला चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचे असते. पहिली ओळ षड्जाच्या आधारावर येते. तीच ओळ पुन्हा म्हणायची, पण या वेळी खालचा आधार मध्यमावर सरकतो आणि परत षड्जावर येतो. तिसरी ओळ, जी पहिल्या दोन ओळींना उत्तर असते, पंचमापासून निघते आणि मध्यमावरून षड्जाला मिळते. प्रत्येक ओळ तिच्या वाट्याच्या १६ मात्रा सहसा भरत नाही. ती निम्म्या वाटेत संपते आणि उरलेली जागा वाद्यासाठी मोकळी राहते. भजनात पुढच्याने ओळ म्हटली की मागचे झील धरतात. ब्लूजमध्ये एकट्या गायकाला झीलकरी कुठून मिळणार? ते काम गिटारने पत्करले. मोठेबाबांना ती गाताना ऐकू आली याचे कारण हेच, की ती ज्या जागी वाजते ती जागा मुळात गळ्याची आहे.

आणि आवाजाचे म्हणाल तर काच न वापरता गिटार वाजवताना बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, मागे दाबावे लागते, त्यामुळे सप्तकाचे बारा ठरलेले स्वरच सहजी मिळतात. माझ्या पेटीचेही तेच दुखणे आहे. काच मात्र तारेला फ्रेटवर दाबत नाही, नुसती टेकते, त्यामुळे दोन स्वरांमधील सगळी जमीन वादकाला मोकळी मिळते. कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मध्ये कुठेतरी ब्लूजचा खरा गांधार राहतो. तिथे मींड घेऊनच पोहोचता येते.

पऱ्हाटी, घाटंजी

गुरुजी, आपण साखळी उत्तम उलगडून दाखवली, परंतु त्यात मॅक्टेल नुसते पहिली कडी होऊन बसले, म्हणून लिहिते आहे. "मूळ गाण्यात काच नाही" असे म्हणताना त्यांना ती येत नव्हती असा समज होऊ नये. १९२७ साली ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या एका गाण्यात ते स्लाइड अत्यंत हळुवारपणे वाजवतात. म्हणजे 'स्टेट्सबरो ब्लूज'मध्ये त्यांनी ती घेतली नाही, हा त्यांचा निर्णय होता.

दादा, आपण ते मूळ गाणे चार वेळा ऐकले, पण त्यात ट्रक्स यांना शोधत ऐकले. आता पाचव्यांदा ऐका आणि फक्त गिटारच्या खर्जाकडे लक्ष द्या. मॅक्टेल बारा तारांची गिटार वाजवत. तीत तारांच्या सहा जोड्या असतात, त्यामुळे एका माणसाच्या हाताला दोघांचा भरणा येतो. अंगठा खर्जाचा ठेका सोडत नाही आणि वरची बोटे गळ्याशी बोलत राहतात. ते अटलांटाच्या रस्त्यांवर गात असत. तिथे येणारा-जाणारा थांबला पाहिजे, म्हणून आवाज पातळ आणि दूर पोहोचणारा. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. शब्द इतके असताना लांब आलापाला त्यात जागाच नव्हती. मैफिलीत ट्रक्स एकेक आवर्तन घेत चढत जातात, ती मुभा तबकडीवर गाणाऱ्याला कुणी दिली नव्हती.

मूळ गाण्याचे मग काय उरले, असा आपल्या प्रश्नाचा रोख आहे. गाण्यात एक जागा अशी आहे, की सकाळी उठून पाहावे तर स्टेट्सबरोचे ते दुखणे (नावातला 'ब्लूज', म्हणजे उदासी) घरातल्या सगळ्यांनाच लागलेले आणि कोपऱ्यात पाहावे तर तिथे बसलेल्या आजी-आजोबांनाही! ग्रेग ऑलमन गातात त्या रूपात आजी गळाल्या आहेत, पण कोपऱ्यातले आजोबा मात्र टिकून आहेत. मला तरी दर वेळी त्या जागी हसू येते. ब्लूज म्हणजे रडगाणे अशी आपल्याकडे समजूत आहे, तिला हे एक कडवे पुरेसे आहे. जाता जाता, गाण्याच्या सुरुवातीला ज्या 'मामा'ला दिवा बारीक करायला सांगितले आहे, ती प्रेयसी आहे. आमच्या घरी भाच्याने यावरून बराच गोंधळ घातला होता.

अशा धाग्यांवर कुणीतरी हमखास लिहिते, की ब्लूज हे कापसाच्या शेतातील मजुरांचे गाणे आहे आणि म्हणून ते आपल्या विदर्भाच्या जवळचे आहे. मिसिसिपीच्या डेल्टा भागाबद्दल त्यात पुष्कळ तथ्य आहे, पण मॅक्टेल जॉर्जिया राज्याचे, शहरात आणि रस्त्यावर कमावणारे व्यावसायिक गायक होते. निरनिराळ्या कंपन्यांसाठी ते ब्लाइंड सॅमी, जॉर्जिया बिल अशा टोपणनावांनीही गायिले आहेत. तरीसुद्धा कापसाचा धागा या गाण्यात आहेच, फक्त तो शेतातून नाही, बाजारातून येतो. ज्या स्टेट्सबरो गावात त्यांचे बालपण गेले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी सी आयलंड नावाच्या लांब धाग्याच्या कापसाचे मोठे बाजारगाव होते. १९०८ च्या सुमारास त्या कापसाच्या विक्रीत ते जगात पहिले होते. नंतर बोंडावरील किडीने तो कापूस बुडवला. ती कीड आपली गुलाबी बोंडअळी नव्हे. आपली बोंडअळी पतंगाची अळी असते आणि तिकडचा तो सोंड असलेला भुंगा. शेतकऱ्याला त्याने काय फरक पडतो, हा भाग वेगळा. कापसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या गावात हॉटेले असतात, पैसा असतो आणि रस्त्यावर गाणाऱ्याला ऐकणारे असतात, एवढे घाटंजीत राहणाऱ्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गोटीवाला, पुसद

स्वार्थाच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून मी लिहितो. माझे गॅरेज आहे आणि साध्या गिटारवर मी गेली काही वर्षे स्लाइड वाजवतो. काढता येईल, निश्चित काढता येईल. विजेच्या गिटारचा आवाज लांबत राहतो, साधीचा लवकर विरतो, एवढाच फरक पडेल. सूर घसरण्याची मजा तीच आहे.

आधी सुरावणी, म्हणजे तारा कोणत्या स्वरांना लावल्या आहेत ते, बदला. ट्रक्स गिटार नेहमी खुल्या ई सुरावणीत ठेवतात (खुली म्हणजे बोट न टेकवताही सगळ्या तारा मिळून एक संगत वाजते; ई, डी वगैरे पाश्चात्त्य स्वरांची नावे). तीत पाचवी, चौथी आणि तिसरी अशा तीन तारा चढवाव्या लागतात. जुन्या, साध्या गिटारवर हे करू नये, कारण त्याने मानेवर ताण येतो आणि ब्रिज (पोटावरची, तारा अडकवलेली पट्टी) उचलला जाण्याची भीती असते. त्याऐवजी खुली डी सुरावणी घ्या. सहावी तार ई वरून डी वर, तिसरी जी वरून एफ शार्पवर, दुसरी बी वरून ए वर आणि पहिली ई वरून डी वर उतरवायची. पाचवी आणि चौथी आहेत तशाच राहू द्यायच्या. आता जाड तारेकडून बारीक तारेकडे नुसत्या खुल्या तारा छेडल्या तर सा, प, सा, ग, प, सा असे ऐकू येईल. मोठेबाबांना ऐकवा, ते लगेच सूर लावतील.

यात आणखी एक सोय आहे. ऑलमन बंधू हे गाणे डी हा षड्ज धरून वाजवत. त्यांच्या सुरावणीत षड्ज दहाव्या फ्रेटवर येतो, तुमच्या सुरावणीत तो बाराव्या फ्रेटवर आणि खुल्या तारांवर येईल, पण स्वर तोच राहील, त्यामुळे चित्रणासोबत वाजवता येईल. मध्यम पाचव्या फ्रेटवर आणि पंचम सातव्यावर आहे. नळी सगळ्या तारांवर आडवी टेकवली की त्या त्या आधाराची पूर्ण संगत मिळते आणि गुरुजींनी सांगितलेल्या बारा विभागांचे आवर्तन शून्य, पाच, सात आणि बारा एवढ्या जागांवर उभे राहते.

नळीसाठी बाटली कापण्याच्या भानगडीत पडू नका, बोट कापून घ्याल. गॅरेजवाले ज्याला गोटी म्हणतात, तो पान्याच्या संचातील बोटात बसेल असा एखादा नग कुठल्याही ट्रॅक्टर मेकॅनिककडे मिळेल. ही माझी गावठी युक्ती नाही. लॉवेल जॉर्ज हे अमेरिकेतील नावाजलेले स्लाइडवादक स्पार्क प्लग खोलण्याची गोटीच बोटात घालून वाजवत असत. लोखंडाचा आवाज काचेपेक्षा थोडा तिखट लागतो आणि गोटी जड असते, त्यामुळे सुरुवातीला हात दुखेल.

चार गोष्टी मला उशिरा कळल्या, त्या तुम्हाला आधीच सांगतो. नळी फ्रेटच्या मागे नाही, बरोबर फ्रेटच्या पट्टीच्या माथ्यावर असली पाहिजे. मागे राहिली की सूर उतरलेला लागतो. दाबायचे मुळीच नाही, पाण्यावर हात ठेवावा तसे टेकायचे. नळीच्या मागची डावी बोटे तारांवर हलकी टेकवून ठेवा, नाहीतर मागच्या तुकड्याचा भलताच आवाज येतो. आणि उजव्या हाताने वाजवायची तार सोडून बाकीच्या तारा दाबून धरायच्या. ट्रक्स पिक न वापरता बोटांनी वाजवतात, त्याचा मोठा फायदा हाच आहे. त्यांचा जो सूर इतका स्वच्छ ऐकू येतो, त्याचे निम्मे श्रेय न वाजणाऱ्या तारांना दिले पाहिजे. तारा फार खाली असतील तर गोटी फ्रेटवर आपटून खटखट करेल. तेव्हा पहिली तार ०.०१२ इंचाची असलेला थोडा जाड संच लावा किंवा नटजवळ (मानेच्या टोकाच्या, तारा टेकतात त्या पट्टीजवळ) तारांखाली पेन्सिलीचा तुकडा सरकवा.

आणि ऐपतीचे मनाला लावून घेऊ नका. ट्रक्स यांची पहिली गिटार, ते नऊ वर्षांचे असताना, कुणाच्या तरी अंगणातील जुन्या सामानाच्या विक्रीत पाच डॉलरला घेतलेली होती. हात लहान होते, बोटे पोहोचत नव्हती, म्हणून ते स्लाइडकडे वळले.

पेटीमास्तर, दर्यापूर

पऱ्हाटीताईंचा आक्षेप मला मान्य आहे. मी गाण्याच्या चालीमागे लागलो आणि गाणारा मागे राहिला. मॅक्टेल १९५९ साली वारले. म्हणजे ताज महाल, डेव्हिस, ऑलमन यांपैकी कुणाच्याही हातून आपले गाणे निघालेले त्यांनी ऐकले नाही, हेही मी लिहायला हवे होते.

अभंगाची उपमाही एका ठिकाणी तोकडी पडते. अभंगात शेवटच्या चरणात "तुका म्हणे" येते, त्यामुळे चाल कितीही बदलली तरी कर्त्याचे नाव गाण्याबरोबर फिरत राहते. मॅक्टेल यांनीही आपले नाव गाण्यात 'पापा मॅक्टेल' असे गुंफले होते. पण ऑलमन बंधूंच्या रूपात त्या जागी 'अंकल जॉन' आले आणि कर्त्याचे नाव गळाले.

मींडेबद्दल लिहिताना एक राहून गेले. ट्रक्स यांच्या वादनात आपल्या मोठेबाबांना गाणे ऐकू येणे हा निव्वळ योगायोग नसावा, कारण ट्रक्स उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन आणि नुसरत फतेह अली खाँ यांची कव्वाली मनापासून ऐकत आले आहेत. कव्वालीची एक रचना तर त्यांनी आपल्या बँडसह गिटारवर वाजवून २००२ सालच्या अल्बममध्ये घेतली आहे. सरोदला फ्रेटच नसतात. गुळगुळीत धातूच्या पट्टीवर तारेवरून नख सरकवत स्वर काढतात. उलट दिशेनेही रस्ता आहेच. तारांवरून धातूची कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार आपल्याकडे आली, पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी ती रागसंगीताला लावली आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात फेरफार करून मोहन वीणा घडवली. ज्या ताज महाल यांच्यापासून या गाण्याची काच सुरू होते, त्यांनीच १९९५ साली भट्ट आणि चित्रवीणावादक रविकिरण यांच्यासोबत एक संपूर्ण अल्बम केला आहे. हरभरा निघेपर्यंत तो ऐकून घ्यावा.

जागलीवरचा, आर्वी तालुका

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण आधी गोटी मिळवायची होती. आर्वीच्या एका मेकॅनिकने ती फुकट दिली. कशाला हवी हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ते इथे लिहीत नाही.

ताई, पाचव्यांदा ऐकले आणि तो अंगठा ऐकू आला. आता तो ऐकू येणे थांबवता येत नाही. मॅक्टेल यांच्या आवाजाबद्दल मी जे लिहिले होते, ते लिहिताना माझे कान दुसरीकडे होते, हे मान्य करतो.

गोटीवालेदादा, खुल्या डी सुरावणीत गिटार लावून मोठेबाबांसमोर नुसत्या तारा छेडल्या आणि आपण म्हणालात तसेच झाले, त्यांनी आधी षड्ज लावला आणि मग खंजिरी मागितली. बारा विभागांचे आवर्तन त्यांना दोनदा मोजून दाखवले. तिसऱ्या वेळी ते माझ्याआधी समेवर आले आणि मी पंचमावरच अडकून होतो. माझी अडचण वेगळी आहे. पहिल्या तारेवर शुद्ध गांधारासाठी चौथ्या फ्रेटवर जायचे, तर माझी गोटी दर वेळी अलीकडेच थांबते, तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटच्या मधोमध. मी पुन्हा पुन्हा पुढे ढकलून सूर सुधारत होतो, तेव्हा मोठेबाबांनी खंजिरी थांबवली आणि म्हणाले, "राहू दे तिथंच, तो तिथंच गोड लागून राह्यला." चित्रण लावून पडताळून पाहिले, तर ट्रक्स यांचीही काच तिथेच कुठेतरी घुटमळताना ऐकू येते. हे बरोबर आहे, की आम्ही दोघेही चुकतो आहोत?

पेटीमास्तर, दर्यापूर

बरोबर आहे. तो स्वर मला पेटीवर काढून दाखवता येणार नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत तो आहे. फक्त पहिली ओळ आणि तिसरी ओळ संपताना त्याला तिथे जास्त वेळ ठेवू नका, खाली षड्जावर आणून सोडा; आणि खंजिरी मोठेबाबांच्याच हातात राहू द्या.